बरखास्त गावाचे सरपंच

आयुष्यात मी एकच गाव ताब्यात घेतलं, आणि तेही रिक्षानं जाऊन.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. ते चारी बाजूंनी वाढत होतं. पाऊस मात्र एकाही बाजूनं येत नव्हता. मुकुंदवाडीच्या पुढची काही गावं महानगरपालिकेत घेतल्याचा आदेश निघाला, आणि त्यातल्या चिंचखडीचा ताबा घ्यायला वॉर्ड कार्यालयातून मला पाठवण्यात आलं, कारण बाकीचे कारकून रजेवर होते. गाव ताब्यात घ्यायचं म्हणजे नेमकं काय घ्यायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एक कापडी पिशवी घेऊन गेलो.

ग्रामपंचायतीसमोर सगळं गाव मांडी घालून बसलं होतं. मधोमध लोखंडी खुर्चीवर एक उंच, वाळका माणूस होता. धोतर, सदरा, टोपी, आणि चष्म्याच्या एका काडीऐवजी दोरा. हे सरपंच कडुबा नाना. मी त्यांना नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणालो, की आपण आत बसून सह्या उरकून घेऊ.

नाना मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "सभेत बोला, भाऊसाहेब."

खेड्यात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. मी ग्रामसेवक नव्हतो. पण वॉर्ड कार्यालयात लोक मला "ओ खिडकीवाले" म्हणून हाक मारत, त्यामुळे मी हरकत घेतली नाही.

"नाना," मी म्हणालो, "आदेश निघाला. आजपासून ग्रामपंचायत बरखास्त. ग्रामसभा आता राहिली नाही."

नानांनी समोर बसलेल्या लोकांवरून नजर फिरवली. "मंग हे बसलेले कोन हायेत?"

या प्रश्नाला नियमात कुठंतरी उत्तर असणार, पण ते माझ्या पिशवीत नव्हतं. त्यामुळे चिंचखडीचा ताबा मी सभेत घेतला. टेबल, कपाट, खुर्च्या, कर्णा, एकेक वस्तू दोघं जण उचलून लोकांना दाखवत आणि मग माझ्यासमोर ठेवत. बंद पडलेला हातपंप उचलता येईना, म्हणून सगळं गाव त्याच्यापर्यंत चालत गेलं. "चालत नाय," नाना म्हणाले, "तसं लिहून घ्या. उद्या शहरानं बिघडवला असं कोनी म्हनू नये." शेवटी त्यांनी शिपायाला पुढं केलं. "हा चाँदभाई. दवंडी बी हाच देतो. मानूस सरळ हाये, नीट वागवा." चाँदभाईनं मला सलाम केला आणि म्हणाला, "अब आप जो बोलेंगे वो, साब." एरवी जिथं सभा भरे, त्या समाजमंदिराची किल्ली माझ्या हातात आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही कुठंतरी नेमणूक झाल्यासारखं वाटलं.

"सभेत बोला" हे नानांचं वाक्य नव्हतं, तो त्यांचा स्वभाव होता. त्यांच्याशी कुणी खासगीत बोलू शकत नसे. बांधाचं भांडण असो, शाळेतल्या गुरुजींची बदली असो, शेजाऱ्याच्या म्हशीची तक्रार असो, माणूस त्यांच्या कानाशी वाकला की नाना मान मागं घेत. जावई एकदा सिल्लोडहून काही घरचं बोलायला आला होता. त्याला त्यांनी सभेच्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. जावयानं मग विषयच सोडून दिला आणि दुसऱ्या सकाळची गाडी धरून परत गेला.

याचं कारण मी त्यांना पुढं एकदा विचारलं. ते म्हणाले, "कानात बोललं की मला एक कळतं अन् गावाला दुसरंच कळतं. मंग मीच परेशान. सगळ्यांसमोर बोललं की मला जास्त काही ठेवायला लागत नाय डोक्यात."

त्यांची बायको गयाबाई बुटक्या, ठसठशीत आणि नवऱ्याहून दुप्पट वेगानं बोलणाऱ्या. घराच्या छपराचा पत्रा उडाला, तेव्हा त्यांनी नवऱ्याला चार वेळा सांगून पाहिलं आणि पाचव्यांदा ग्रामसभेत उभ्या राहिल्या. ऐनवेळच्या विषयांत त्यांनी विचारलं, की सरपंचांच्या घरावर पत्रा कधी बसणार? नानांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "पुढच्या सभेच्या आत." आणि खरोखरच बसवला. गयाबाई मला म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्सं झाली, भाऊसाहेब. पहिल्यांदाच यांनी माझं ऐकलं, ते पन इतिवृत्तात आलं म्हनून."

महानगरपालिकेत जायचं की नाही, हे ठरवणारी ग्रामसभाही नानांनीच घेतली होती. ते मला चाँदभाईनं सांगितलं. गावात दोन मतं होती. नाना उभे राहिले आणि म्हणाले, की शहरात नळ आहे, आपल्याकडे घागर आहे, आणि मी सरपंच असेपर्यंत तरी घागर सुटायची नाही. तेव्हा शहरात जाऊ. बायका खूश झाल्या. एकट्या गयाबाईंनी विचारलं, नळ आला नाय तर जाब कुणाला विचारायचा? नाना म्हणाले, "मला. इथंच." ठराव मंजूर झाला. गाव शहरात आलं, ग्रामपंचायत गेली, सरपंचपद गेलं आणि "इथंच" म्हणायची जागा माझ्या टेबलाच्या खणात किल्लीच्या रूपानं येऊन पडली.

म्हणून नाना सभा घेत राहिले. पूर्वीसारखीच, वर्षातून चारदा. कुलूप लावलेल्या समाजमंदिराच्या पायऱ्यांवर. आदल्या दिवशी चाँदभाई सायकलवरून दवंडी देई. तो आता महानगरपालिकेचा सफाई कामगार होता, त्यामुळे कामावर जायच्या आधी देई. महानगरपालिकेनं या सभांना कधी हरकत घेतली नाही, कारण अशा सभा असतात हेच तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं. दुसरा विषय नानांनी स्वतःच घातलेला: नळाबाबत सरपंचांना जाब विचारणे. मग कुणीतरी उभं राहून विचारी, "नाना, नळ कधी येनार?" नाना उभे राहत, म्हणत, "अजून नाय. ठरलं नाय तिकडं," आणि बसत. ग्रामसेवकाची जागा रिकामी होती, तिथं ते मला बसवत. त्या सभांचं इतिवृत्त मीच लिहिलं आहे. शासकीय सेवेत माझं जे काही लिखाण झालं, त्यातलं तेवढंच कुणीतरी वाचून कायम केलं.

इथं शहराबद्दल थोडं सांगायला हवं. मी पुंडलिकनगरला राहायचो. आमच्याकडे नळ होते, आणि त्यांना किती दिवसांनी पाणी येईल हे नळापेक्षा पाणी सोडणाऱ्या लाइनमनवर अवलंबून असायचं. गल्लीत ज्याचा-त्याचा लाइनमन ठरलेला असे, जसा डॉक्टर ठरलेला असतो. पाणी आलं नाही की आमच्याकडे कुणी चार माणसं जमवत नसे. ज्यानं-त्यानं आपापल्या माणसाला फोन करायचा. शेजाऱ्याला पाणी आलं आणि आपल्याला आलं नाही, तर आपला माणूस कमी पडला एवढंच समजायचं. हे सगळं मला इतकं साधं वाटायचं, की याला काही नाव असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. चिंचखडीची विहीर होळीच्या आधीच आटली. पूर्वी अशा वेळी काय करायचं ते गावाला पाठ होतं: ग्रामसभेनं ठराव करायचा, ग्रामसेवकानं तो पंचायत समितीत न्यायचा, कुणीतरी साहेब येऊन विहिरीत वाकून बघायचा आणि टँकर सुरू व्हायचा. नानांनी ठराव केला. पंचायत समितीनं सांगितलं, तुम्ही आता शहरात आहात. नानांनी तोच ठराव आमच्या कार्यालयात आणला. आमच्याकडे टँकर फक्त नळजोडणीची नोंद असलेल्यांना मिळत होता. चिंचखडीत नळ नव्हता, म्हणून नोंद नव्हती; नोंद नव्हती, म्हणून टँकर नव्हता. मी त्यांना हे समजावून सांगितलं. नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे ज्याच्याकडं पानी हाये, त्यालाच पानी."

"तसं नाही, नाना."

"मंग कसं?"

मी नियम पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा वाचल्यावरही त्याचा अर्थ तोच निघाला.

दोन दिवसांनी ते सगळं गाव घेऊन आले. वॉर्ड कार्यालयाच्या व्हरांड्यात लोक मांडी घालून बसले, बायका जिन्यावर बसल्या, आणि चाँदभाईनं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सुरुवात केली. जन्माच्या दाखल्यासाठी आलेले तिघं-चौघं काय चाललंय ते न कळता त्यांच्यातच बसले. वॉर्ड अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, "त्यांच्यापैकी दोघांना आत पाठवा." मी तसं सांगितलं. नाना म्हणाले, "आत कशाला? साहेबांनाच भाईर बोलवा. सगळे इथंच हायेत." साहेबांच्या केबिनला मागं दुसरं दार आहे हे मला त्या दिवशी कळलं. सभा अध्यक्षांच्या परवानगीनं तहकूब झाली.

मला त्यांची दया आली म्हणा किंवा ब्याद टळावी म्हणून म्हणा, मी त्यांना सांगितलं की शहरालाही सभा आहे. मुख्य इमारतीत भरते, महापौर अध्यक्ष असतात, नागरिकांना वर गॅलरीत बसून बघता येतं. यातलं "बघता येतं" त्यांच्या कानापर्यंत पोचलं नसावं. ते गयाबाईंना घेऊन, धुतलेलं धोतर नेसून सर्वसाधारण सभेला गेले. खाली नगरसेवक एका चौकाला कुणाचं नाव द्यायचं यावर बोलत होते. नानांनी गॅलरीत हात वर केला. खालून वर कुणी बघत नाही. एक हात दुखला की ते दुसरा करत. चौकाचं नाव ठरत आलं तेव्हा ते उभे राहिले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महाराज, ऐनवेळचा विषय घ्यायचा हाये!"

सुरक्षारक्षकांनी त्यांना बाहेर आणलं. दंडाला धरून, पण सभ्यपणे. वयाचा मान ठेवून. दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन ते मला म्हणाले, "सभा लई मोठी हाये, भाऊसाहेब. पंखे बी चांगले हायेत. पन बसायची तऱ्हा उलटी. ज्याचं काम हाये त्यो वर बसलेला, अन् त्याला बोलता येत नाय." ते चिडलेले नव्हते. नवीन गावात गेलेला माणूस तिथल्या रीती सांगतो, तसं ते सांगत होते.

या प्रकारामुळे आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना चिंचखडी आपल्या वॉर्डात आहे हे लक्षात आलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला रस्ता दाखवायला सोबत घेतलं आणि गाडी थेट नानांच्या दारात नेली. काच खाली करून ते म्हणाले, "नाना, आत बसा ना, एसी आहे."

"इथंच बरं हाये," नाना बाहेर उभे राहून म्हणाले.

नगरसेवकांनी आवाज उतरवला. "टेन्शन नका घेऊ. रोज एक टँकर तुमच्या गल्लीत उभा करतो. नियमात बसत नाही, पण अपना आदमी म्हणून करतोय. फक्त कुठं बोलू नका. आजूबाजूच्या सगळ्या वस्त्या माझ्या दारात येतील."

"म्हंजे गावाला टँकर देऊ राहिले, व्हय?" नाना म्हणाले. समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या.

"हळू, नाना. हळू."

"लई चांगलं काम हाये. हळू कशाला? परवा सभा हाये, तिथं बोला."

काच वर गेली. दुसऱ्या सकाळी चाँदभाई सायकलवरून गावभर आणि गावाबाहेरच्या दोन वस्त्यांतून ओरडत गेला, की उद्या सभा आहे आणि तिच्यात नगरसेवकसाहेबांच्या गुपचूप टँकरबाबत विचार होणार आहे. दुपारपर्यंत नगरसेवकांचा निरोप माझ्या खिडकीशी आला: आपण असं काही बोललोच नाही.

त्या सभेला जेवढी माणसं आली, तेवढी विलीनीकरणानंतर कधी आली नव्हती. नानांनी पायरीवर उभं राहून सगळं जसंच्या तसं सांगितलं. नगरसेवक काय म्हणाले, आपण काय म्हणालो, काच कशी वर गेली. ते सांगत असताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. काही लपवलं नाही, या गोष्टीचं ते समाधान असावं. खाली बसलेल्यांच्या चेहऱ्यावर ते नव्हतं.

गयाबाई उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या हळू बोलत होत्या, म्हणून मागची रांग पुढं सरकली.

"मी रोज त्या नव्या सोसायटीच्या गेटावर उभी राहते," त्या म्हणाल्या. "वॉचमनला वाटलं तर त्यो एक घागर भरू देतो. त्याला मी दादा म्हनते. नातवाच्या वयाचा हाये त्यो. काल म्हनला, मावशी, आज नाय, सेक्रेटरी बघू राहिला. रिकामी घागर घेऊन आले." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमी जाब द्यायला उभे राहता. दर सभेला राहता. कबूल. पन तुमच्या उत्तरानं भाकरीचं पीठ भिजत नाय. गुपचूप मिळत असंल तर गुपचूप घ्या. माझी सूचना हाये."

अनुमोदन एका वेळी बऱ्याच जणांनी दिलं. कुणीतरी म्हणालं, नाना, तुमी गप बसले असते तर आज टँकर उभा असता. कुणीतरी म्हणालं, शहरात शहरासारखं राहावं. ते रागानं बोलत नव्हते, दमल्यासारखे बोलत होते. नानांचा तोल जाताना मी पहिल्यांदाच पाहिला. ते समाजमंदिराच्या दाराच्या कडीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "विषय मांडा नीट."

विषय मांडला गेला: सरपंचांनी नगरसेवकांकडे एकट्यानं जावं, झाल्याबद्दल माफी मागावी, टँकर घ्यावा, आणि यापुढे त्याबद्दल सभेत काही बोलू नये. गुपचूप वागण्याचा ठराव गावानं उघड सभेत, हात वर करून केला. यातली गंमत तिथं कुणालाच जाणवली नाही, आणि मलाही नाही.

"बाजूनं?" नानांनी विचारलं. सगळे हात वर गेले. चाँदभाईचासुद्धा.

"विरोधात?"

मग नानांनी स्वतःचा हात वर केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "विरोधात एक. लिहा." मी लिहिलं. "ठराव मंजूर," ते सभेला म्हणाले, "उद्याच जातो."

टँकर त्या आठवड्यात सुरू झाला आणि पाऊस येईपर्यंत चालला, हे आधीच सांगून टाकतो. पाणी गढूळ होतं, पण रोज यायचं. गयाबाईंचं गेटावर जाणं बंद झालं. त्यांनी नवऱ्याला सभेत हरवलं याचा मला आनंद झाला होता आणि अजूनही आहे. त्या बरोबर होत्या. नानांची पुढची सभा मात्र झाली नाही. चाँदभाई दवंडीचं विचारायला त्यांच्याकडे गेला, तर म्हणाले, विषय काय ठेवायचा? जो आहे त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय.

मी नाना शेवटचे पाहिले ते त्या ठरावाच्या दुसऱ्या दिवशी. एका फाइलवर सही घ्यायला मी नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयात गेलो होतो. बाहेरच्या बाकांवर पंधरा-वीस माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात आपापला कागद, आणि शेजाऱ्याला दिसू नये म्हणून तो घडी घातलेला. कुणी कुणाला काय काम आहे विचारत नव्हतं. नाना त्यांच्यात बसले होते, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, "तुमचं काय काम हाये?" तो माणूस "असंच," म्हणाला आणि थोडा सरकून बसला. नानांनी मग दुसऱ्याला विचारलं नाही. मला पाहून त्यांनी मान हलवली, हाक मारली नाही.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, धोतर सारखं केलं आणि केबिनमध्ये गेले. "बोला नाना," आतून आवाज आला. नानांनी वळून आम्हा सगळ्यांकडे, त्या पंधरा-वीस माणसांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी दार आतून लावून घेतलं.